बेचिराग

"सर, तुम्ही एकदा येऊन आमच्या आईला सांगा. तुमचं ऐकेल ती."

आमच्या कॉलेजच्या ग्रंथालयातले मामा माझ्या टेबलापाशी उभे राहून हे म्हणाले, तेव्हा मी उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्यात मान घालून बसलो होतो. मामा म्हणजे साऱ्या कॉलेजचेच मामा. प्राचार्यांपासून पहिल्या वर्षाच्या पोरापर्यंत त्यांना दुसऱ्या नावाने कुणी हाक मारीत नाही. गेली बावीस वर्षे ते पुस्तके काढून देतात आणि जागेवर ठेवतात. कुठली कादंबरी कुठल्या कपाटात, हे त्यांना यादी न पाहता सांगता येते. त्यांचे गाव वेल्ह्याच्या डोंगरात आहे आणि तिथे त्यांची पंच्याहत्तरी ओलांडलेली आई एकटी राहते, एवढे मला ठाऊक होते. मामांनी धनकवडीला दोन खोल्या घेतल्या, आईसाठी खिडकीशी कॉट टाकली. पण आई काही येईना.

"अहो, मुलाचं ऐकत नाही ती माझं कशाला ऐकेल?"

"तुम्ही मास्तर ना! आईला मास्तरांचं फार."

मराठीच्या प्राध्यापकाला एरवी कुणी कसल्या कामाला बोलावीत नाही. स्थापत्यशास्त्रवाल्याला लोक गच्चीच्या गळतीविषयी तरी विचारतात; आम्हाला फार तर लग्नपत्रिकेतला मजकूर तपासायला देतात. तेव्हा आपल्या वाणीवर एवढा विश्वास टाकणारा माणूस भेटला म्हटल्यावर मी फुशारून गेलो, आणि येत्या रविवारी येतो म्हणून सांगून टाकले. घरी हे कळल्यावर आमच्या सौ. म्हणाल्या, "तुम्ही एकटे गेलात तर व्याख्यान देऊन परत याल. मीही येते." आणि त्यांनी स्टीलचा मोठा डबा काढून चिवड्याची तयारी केली.

ही गोष्ट गेल्या वर्षीची. दसरा होऊन आठ दिवस झाले होते. आम्ही तिघे आमच्या जुन्या गाडीतून भल्या सकाळी निघालो. सातारा रस्त्याने चेलाडीपर्यंत जायचे आणि तिथून नसरापूरवरून आत वळायचे. वळेपर्यंत पुणे काही आपला पिच्छा सोडीत नाही. गोदामे, ढाबे आणि 'निसर्गाच्या कुशीत हक्काची जागा' असे सांगणारे फलक. मार्गासनीच्या आसपास राजगडाची माची दिसू लागते आणि मग मात्र माणूस आपोआप गप्प होतो. पुढे वेल्ह्यापाशी तोरणा डोक्यावर येऊन उभा राहतो. दोन्ही बाजूंना पिकलेली भातखाचरे, मध्ये वळत जाणारा रस्ता. पुण्याहून साठ किलोमीटरांवर हे सारे आहे, आणि माझ्यासारखा जन्माचा पुणेकर इथे एकूण तीनदा आलेला, तोही शाळेच्या सहलीबरोबर धरून.

मावळ हा शब्द मावळण्यावरून आला असे सांगतात. सूर्य मावळतो ती बाजू. पुण्याखालची बारा मावळे इतिहासात प्रसिद्ध आहेत. त्यांतली कानद खोरे, गुंजण मावळ, हिरडस मावळ, रोहिड खोरे, वेळवंड खोरे ही आजच्या भोर आणि वेल्हे तालुक्यांत येतात. रोहिड खोऱ्यातले कारीचे कान्होजी जेधे, हिरडस मावळातले बांदल, त्यांच्याकडचे बाजीप्रभू देशपांडे ही सारी या डोंगरांतली माणसे. १६६० साली घोडखिंडीत जे उभे राहिले ते बहुतेक याच वाड्यावस्त्यांवरचे शेतकरी होते. शिवाजीमहाराजांची राजधानी पंचवीसएक वर्षे राजगडावर होती. आग्र्याहून सुटून १६६६ साली ते परत आले तेही राजगडावरच. म्हणजे आज जिथे फोन लागत नाही म्हणून आपण कपाळाला आठ्या घालतो, तिथे एके काळी स्वराज्याचा कारभार चालत होता.

मामांना हे सगळे माझ्यापेक्षा चांगले ठाऊक होते. मी जरा रंगात येऊन सांगू लागलो तेव्हा ते मागच्या सीटवरून हळूच म्हणाले, "सर, माणसं तेव्हाही बाहेरच जायची. फक्त पेरणीला परत यायची."

मला हे फार नेमके वाटले. दसऱ्याला शिलंगण करून मोहिमेवर निघायचे आणि पावसाळ्याच्या तोंडाला घरी येऊन भात लावायचे, ही इथली जुनी रीत. घर सोडणे या मुलखाला नवे नाही. पुढे लढाया संपल्या आणि मुंबईच्या गिरण्या सुरू झाल्या, तेव्हाही तोच क्रम राहिला. गिरणगावातल्या एका खोलीत एका गावचे वीस-वीस गडी पाळ्यांनी झोपायचे, खानावळीत जेवायचे, कुणी गोदीत, कुणी बाजारात पाठीवर गोणी वाहायचे. आणि शिमग्याला, जत्रेला, आवणीला गावी यायचे. बायको, म्हातारी, जनावरे गावातच. मामांच्या वडिलांनी असेच दिवस काढले. १९८२ चा संप झाला आणि ते कायमचे घरी आले. त्यांच्या पुढच्या पिढीने मात्र शिरवळ, पिंपरी-चिंचवडकडे तोंड वळवले आणि जाताना बायकापोरांना बरोबर नेले. माझ्या मते सगळा फरक इथे पडला. गडी गेला तरी गाव रिकामे होत नाही. चूल गेली की होते.

आकडेही तेच सांगतात. २००१ ते २०११ या दहा वर्षांत पुणे जिल्ह्याची वस्ती ७२ लाखांवरून ९४ लाखांवर गेली. त्याच जिल्ह्यातल्या वेल्हे तालुक्याची वस्ती ५५ हजारांच्या वर होती, ती उतरून ५४ हजारांच्या घरात आली. घट लहान दिसते. पण शेजारी एवढा महापूर चढत असताना या एका विहिरीचे पाणी उतरावे, याला काही अर्थ असणारच. त्यानंतरची शिरगणती लांबली. २०२४ साली राज्य मंत्रिमंडळाने तालुक्याचे नाव राजगड करायचे ठरवले. मामांना मी याविषयी विचारले. "चांगलं झालं की," ते म्हणाले, "एस.टी.च्या वेळा तेवढ्या जुन्याच आहेत."

वाटेत मामांनी एका उतारावर गाडी थांबवायला सांगितली. रस्त्याच्या खालच्या अंगाला करवंदीच्या जाळ्यांत काही दगडी जोती दिसत होती. एका जोत्यावर उंबराचे झाड उगवून चांगले पुरुषभर वाढले होते. एक पाटा तसाच पडलेला. "ही वाडी होती," मामा म्हणाले, "आता बेचिराग."

"बेचिराख म्हणायचंय का तुम्हाला?" मी खोडीनुसार विचारले. आयुष्यभर शुद्धलेखन तपासल्याचा हा परिणाम.

"नाही सर. तलाठ्याच्या कागदात बेचिराग असंच असतं. वस्ती नसलेलं गाव म्हणजे बेचिराग मौजे."

मी जागच्या जागी उभा राहिलो. चिराग म्हणजे दिवा. बे-चिराग म्हणजे जिथे दिवा लागत नाही ते. फारसीतून आपल्या दप्तरात आलेला हा शब्द. आपल्या लोकांना चिराग ओळखीचा नव्हता, राख ओळखीची होती. म्हणून बोलता बोलता त्यांनी त्याचे बेचिराख करून टाकले आणि दिव्याच्या जागी आग लावली. वीस वर्षे वर्गात मी हा शब्द जळलेल्या गावाचे वर्णन म्हणून शिकवीत आलो. प्रत्यक्षात त्या शब्दात आग नाही, शत्रू नाही, काहीही नाही. फक्त संध्याकाळ झाली आणि कुणी दिवा लावला नाही, एवढेच आहे. सौ. म्हणाल्या, "चला आता. आजी वाट पाहत असतील."

गावे रिकामी होण्याला इथे आणखी एक कारण आहे, आणि ते आपण पुणेकर रोज नळाला पितो. आंबी नदीवर पानशेत, मोसे नदीवर वरसगाव, भोरच्या बाजूला वेळवंडीवर भाटघर, नीरेवर देवघर, अलीकडे वेल्ह्यातच गुंजवणी: या दोन तालुक्यांत एवढे पाणी अडवले आहे की नकाशात निळा रंग जागोजागी दिसतो. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटले, त्या दिवसाच्या कहाण्या पुण्यातल्या प्रत्येक घरात आहेत; माझ्या आजीने त्या इतक्या वेळा सांगितल्या की पूर मीच पाहिला आहे असे मला वाटते. पण त्या धरणाच्या पोटात कुणाची खाचरे गेली, हे आजीने कधी सांगितले नाही, आणि मीही कधी विचारले नाही.

भाटघरचे धरण तर १९२८ सालचे, इंग्रजी अमलातले. गव्हर्नर लॉइड यांचे नाव त्याला दिले होते. पंचेचाळीस स्वयंचलित दरवाजांचे ते काम आजही पाहण्यासारखे आहे. पाणी भोर संस्थानातल्या खोऱ्यात साठले आणि कालव्यांनी बारामती, फलटण, माळशिरसकडे गेले. ऊस तिकडे झाला. एका मे महिन्यात मी भोरला पंतसचिवांचा १८६९ सालचा राजवाडा पाहायला गेलो होतो. ते संस्थान १९४८ साली विलीन झाले आणि वाड्यात आता अधूनमधून चित्रपटवाले येतात. तिथून कुणीतरी सांगितले म्हणून कांबऱ्याला गेलो. वर्षातले दहा-अकरा महिने कांबरेश्वराचे देऊळ धरणाच्या पाण्याखाली असते आणि उन्हाळ्यात पाणी ओसरले की बाहेर येते. भेगाळलेल्या गाळातून चालत आम्ही तिथवर गेलो. दगडांवर वाळलेल्या शेवाळाचा पांढुरका थर होता. एक कुटुंब नारळ घेऊन आले होते. आजोबा, त्यांची सून आणि दोन नातवंडे. आजोबांनी नातवाला हाताने दूर गाळात एक जागा दाखवली. तिथे नुसता गाळच होता. पण पोरगा बराच वेळ तिकडे बघत राहिला.

असो. मामांच्या वाडीची वाट केळदच्या बाजूला मुख्य रस्त्यापासून फुटते. वाडीचे नाव मी देत नाही. मामांनीच तसे सांगितले आहे. गाडी एका आंब्याखाली ठेवून आम्ही चालू लागलो. वाट चढणीची, पण रुंद आणि जुनी होती. काही ठिकाणी फरसबंदीचे दगड लागले. मला नवल वाटले. एवढ्याशा वाडीला एवढी वाट कशाला? मामा म्हणाले, ही कोकणात उतरायची वाट. मढे घाट, उपांड्या घाट याच बाजूला आहेत. नरवीर तानाजींचा देह मढे घाटाने उमरठ्याला नेला असे सांगतात. खालून मीठ, सुकट, नारळ बैलांच्या पाठीवर वर यायचे आणि वरून धान्य खाली जायचे. बैलांचे तांडे वाडीत मुक्काम करायचे. वरंध्याच्या घाटातून गाड्या जाऊ लागल्या तेव्हा या पायवाटा ओस पडल्या. आपण ज्या गावाला 'अगदी टोकाला, आडबाजूला' म्हणतो, ते बांधले त्या वेळी वाटेच्या मधोमध होते. गाव जागचे हलले नाही. जगाने आपला रस्ता बदलला.

वाडीत शिरताना प्रथम लागली ती शाळा. एक खोली, पुढे पडवी. दारातून आत पाहिले तर पेंढा रचून ठेवलेला. "आम्ही अठरा पोरं होतो इथं," मामा म्हणाले. चौथीपर्यंत ते इथेच शिकले. २०१८ साली याच डोंगरांतल्या चांदर गावच्या शाळेची हकीकत वर्तमानपत्रांत आली होती. एक शिक्षक, एक विद्यार्थी. आणि त्या एका पोरासाठी मास्तर रोज मैलोगणती मातीची वाट तुडवीत. लोकांनी ती वाचून मास्तरांचे फार कौतुक केले, आणि ते योग्यच होते. इथल्या शाळेला तो एक विद्यार्थीही राहिला नाही.

मग घरे. मी मोजली, उभी आणि पडकी धरून एकतीस. बहुतेकांना कुलूप. काही कुलपे गंजून कोयंड्याशी एकजीव झालेली. कौले घसरून वासे उघडे पडलेले. मात्र दोन-तीन बंद घरांच्या ओट्यावर ताजे सारवण होते. मुंबईकर शिमग्याला येतात तेव्हा घर अगदीच वाईट दिसू नये म्हणून उरलेल्या बायका ते सारवून ठेवतात, असे मामांनी सांगितले. धूर फक्त पाच घरांवर होता.

हे दृश्य काही आपल्याकडचेच नाही. उत्तराखंडात हजारावर निर्जन गावांची नोंद झाली आहे. तिथे त्यांना भूतगावे म्हणतात. बल्गेरिया हा युरोपातला देश १९८० नंतरच्या दशकात ९० लाखांच्या घरात होता. २०२१ च्या शिरगणतीत तो ६५ लाखांवर आला, आणि त्याच्या डोंगरातल्या खेड्यांत दारापुढच्या बाकावर बसलेल्या म्हाताऱ्याच तेवढ्या राहिल्या. आधी कारखान्यांनी तरुण शहरात नेले, मग १९८९ नंतर सरहद्दी उघडल्या आणि शहरांनी ते परदेशात धाडले. जपानात शिकोकू बेटावरच्या नागोरो नावाच्या खेड्यात तर एका बाईने गेलेल्या माणसांच्या जागी कापडी बाहुल्या करून बसवल्या आहेत. शेतात, बसथांब्यावर, शाळेच्या वर्गातही. ग्रंथालयात त्याची चित्रे पाहिली होती तेव्हा मौज वाटली होती. ती सारवलेली ओटी पाहिल्यावर मात्र ती बाई वेडी नसावी असे वाटले.

आजी ओट्यावरच बसल्या होत्या. काटक, ठेंगणी मूर्ती. हिरवे लुगडे, कपाळावर गोंदण. मामा पाया पडले. मीही वाकलो. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळले.

"मास्तर न्हवं? बसा. आधी च्या घ्या. मग बोला काय बोलायचं ते. ह्यानंच धाडलंय तुमाला, मला ठावं हाय."

माझी अर्धी हवा तिथेच गेली. तरी चहा झाल्यावर मी तयार केलेली प्रस्तावना सुरू केली. वय, प्रकृती, मुलाचा जीव कसा टांगणीला लागतो, नातवंडांचा सहवास. बोलता बोलता माझे मलाच ते निबंधातल्या परिच्छेदासारखे वाटू लागले. आजींनी सगळे शांतपणे ऐकून घेतले.

"गेल्या साली गेलती की मी. म्हैनाभर ऱ्हायली. सून चांगली हाय, तिला नाव न्हाय ठेवायची. पर सकाळी उठून करायचं काय? दार लावून बसायचं. समूरच्या दारात कोन ऱ्हातंय ते म्हैन्यात कळलं न्हाय." मग जरा थांबून त्या म्हणाल्या, "आन् हितं माझी पाळी असती."

"कसली पाळी?"

त्यांनी हाताने वरच्या अंगाला असलेल्या देवीच्या देवळाकडे दाखवले. देवळात रोज संध्याकाळी दिवा लागतो. त्याची पाळी घरावार. तीस घरे होती तेव्हा महिन्यातून एकदा पाळी यायची. तेलाची वाटी आणि वात घेऊन घरातले कुणीतरी जायचे. घरे वीस झाली तेव्हा वीस दिवसांनी, दहा झाली तेव्हा दहा दिवसांनी. आता पाच घरे.

"पाचव्या दिशी येती. मी उतरली खाली तर चौघींवर पडंल. त्यातल्या एकीला चढ चढवत न्हाय, तिची बी मीच लावती. आता सांगा मास्तर, कसं करू?"

मी शिरगणतीचे आकडे पाठ करून गेलो होतो. गाव कसे ओसरते याचे इतके सरळ माप माझ्याजवळ नव्हते.

सौ.नी मात्र मुद्दा सोडला नाही. "आजी, रात्री-अपरात्री काही दुखलं-खुपलं तर? पावसात?"

आजी बराच वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "त्याचं काय करायचं ते मला बी ठावं न्हाय, बाय. गेल्या श्रावणात वरल्या आळीचं म्हातारं गेलं. पाच घरांत बापई तीन, त्यातला एक बी धड चालनारा न्हाय. खांदा द्यायला चार लागत्यात. खालच्या वाडीला निरोप धाडला. पाऊस असा. सांजच्यापातुर म्हातारं तसंच."

कुणी काही बोलले नाही. भातलावणीला सावड घालायची तर निदान दहा-बारा हात लागतात. ते कधीच संपले होते. आता चार खांदेही संपले. सौ.चे म्हणणे खोटे नव्हते आणि आजींचेही खोटे नव्हते.

"ह्यो तुमाला जमिनीचं बोलला का?" आजींनी एकदम विचारले.

मी मामांकडे पाहिले. ते अंगणातल्या कोंबडीकडे पाहत होते.

हकीकत अशी होती. मुंबईच्या थोरल्या भावाकडे एक दलाल येऊन गेला होता. पुण्याच्या कुणा साहेबाला तोरणा समोर दिसेल अशा जागी बंगला बांधायचा होता. वरची माळजमीन आणि घराची जागा मिळून चांगली रक्कम येत होती. सातबाऱ्यावर नवऱ्यामागे आईचे आणि दोघा मुलांचे नाव. म्हणजे आईची सही हवी. "मी हितं हाय तवर कुनी मोजनीला येत न्हाय. मी गेली का सगळं सोपं होतं." त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. बाजारातला भाव सांगावा तसे त्यांनी ते सांगितले.

मी मामांवर मनातून चिडलो. मला पुढे करून हा डाव! पण चिडायला तरी मला तोंड कुठे होते? त्याच उन्हाळ्यात आम्ही दोघे पानशेतच्या बाजूला एक प्लॉट पाहून आलो होतो. रंगीत पुस्तिका अजून घरी टेबलाच्या खणात होती. जमीन कुणाची, ती का विकतो आहे, विकून कुठे जाणार आहे, यातले काहीही आम्ही विचारले नव्हते. पाणी चोवीस तास आहे का, एवढे मात्र दोनदा विचारले होते. सौ.नी माझ्याकडे पाहिले. त्यांनाही तेच आठवले असावे.

दुपारी आजींनी नाचणीची भाकरी, कुळथाचे पिठले आणि लाल तांबूस भात वाढला. जेवण झाल्यावर मामांनी कोयता घेतला आणि खाचरात उतरले. भात पिकून ओणवे झाले होते आणि रात्री रानडुकरे येत होती. कापणीला माणूस नव्हता. मीही उत्साहाने एक कोयता मागून घेतला आणि पाचव्या मिनिटाला बोट कापून घेतले. सौ.चे माहेर वाईकडचे. त्यांनी पदर खोचून सरळ दोन ओळी कापून काढल्या. आजी बांधावरून हसत होत्या. "मास्तर, तुमी आपलं पेंढ्या मोजा," असे म्हणून त्यांनी मला योग्य ते काम दिले.

परतताना वाटेत मामा माझ्या मागे राहून चालत होते. अखेर त्यांनीच विषय काढला. "सर, तुम्हाला सांगायला हवं होतं. पण सांगितलं असतं तर तुम्ही आला नसता. मला त्या पैशाची हाव नाही असं म्हणणार नाही. पोराचं इंजिनिअरिंगचं तिसरं वर्ष आहे. पण खरं सांगू? पावसात चार-चार दिवस फोन लागत नाही. रात्री छपरावर पाणी वाजलं की मी उठून बसतो. ती तिथं गेलेली असली आणि मला दोन दिवसांनी कळलं, तर पुढे मी काय करू?"

मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. दुसरे काही सुचले नाही.

त्या दिवशी पाळी शेजारच्या घरची होती. आम्ही आंब्यापाशी गाडीजवळ पोहोचलो तेव्हा अंधार पडत आला होता. मागे वळून पाहिले तर वाडी दिसत नव्हती. देवळाच्या उंचीवर एक ठिपका मात्र होता. मामांनी तिकडे हात जोडले आणि मग गाडीत बसले.

घरी आल्यावर सौ.च्या लक्षात आले की चिवड्याचा डबा तिथेच राहिला. दिवाळीनंतर कापणी उरकून मामा कामावर आले, तेव्हा डबा घेऊन आले. आपल्याकडे डबा रिकामा परत करीत नाहीत. आजींनी तो नव्या भाताच्या पोह्यांनी गच्च भरून पाठवला होता आणि बाईंना निरोप होता की पुढच्या खेपेला येताना चांगल्या वाती आणा, बाजारातल्या लगेच विझतात.

शिमग्याला मुंबईचे थोरले भाऊ आले. पाच दिवस राहिले. त्या पाचही दिवसांचा दिवा त्यांनी आईला न चढू देता स्वतः लावला, असे मामा सांगत होते. जमिनीचे बोलणे मोडलेले नाही; पुढे ढकलले आहे. आमच्या खणातली पुस्तिका सौ.नी रद्दीत घातली. मीही ती परत काढली नाही.

यंदाच्या पावसाळ्यात, आजी जिची पाळी लावीत होत्या, त्या बाईंना मुलगा येऊन चिंचवडला घेऊन गेला. घराला कुलूप लागले. आता पाळी चौथ्या दिवशी येते. फराळाचा डबा या आठवड्यात मामांबरोबर जाणार आहे. सौ.नी दोन रात्री बसून कापसाच्या वाती वळल्या आहेत. किती, ते मी मोजले नाही, पण पाकीट चांगले जाड झाले आहे.